सैन्यातल्या लेकींसाठी जिल्ह्यात एक जबाबदार माणूस नेमा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सातारा
तथा अध्यक्ष, जिल्हा सैनिक मंडळ

प्रत माहितीसाठी: पोलीस अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, सचिव जिल्हा विधी सेवा प्राधिकरण

महोदय,

मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. सैन्यदलात नोकरी करणाऱ्या, सैनिकाच्या घरात राहणाऱ्या किंवा भरतीची तयारी करणाऱ्या कुणावर लैंगिक अत्याचार झाला, तर त्या व्यक्तीसोबत पहिल्या फोनपासून कोर्टाच्या शेवटच्या तारखेपर्यंत राहील असा एक समन्वयक सातारा जिल्ह्यात नेमा. त्याला नाव असावं, फोन असावा आणि लेखी अधिकार असावेत. नवी इमारत नको. नवी समिती तर मुळीच नको.

हे पत्र आपल्यालाच लिहिण्याचं कारण आहे. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष आपण आहात. अत्याचार झालेल्या स्त्रियांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या सखी वन स्टॉप सेंटरचं कामकाज पाहणारी जिल्हा व्यवस्थापन समिती आपल्याच अध्यक्षतेखाली असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी स्थानिक समितीही जिल्हा प्रशासनच नेमतं. म्हणजे तिन्ही कामांच्या फायली एकाच छपराखाली आहेत. त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत, एवढंच.

मी निवृत्त अधिपरिचारिका आहे. नोकरीतली बरीच वर्षं कॅज्युअल्टीत आणि स्त्रीरोग विभागात गेली. माझे पती पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे फॅमिली क्वार्टरमधला संसारही मी केला आहे. कॅज्युअल्टीचं टेबल आणि क्वार्टरची भिंत या दोन्हींच्या आतून जे दिसतं, त्यातून हे लिहीत आहे. माझं नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयात दिलेल्या प्रतीवर आहे. इथे तो छापत नाही, कारण माझ्या नावावरून काही मुलींची ओळख गावात लागेल.

साताऱ्याला सैन्याची ओळख करून द्यायला नको. अपशिंगे गावाच्या नावापुढे मिलिटरी लागतं. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथेच सुरू झाली. कराडला दर डिसेंबरात विजय दिवस साजरा होतो. माण-खटावच्या कोरडवाहू घरांतून पिढ्यान्पिढ्या पोरं भरतीला गेली. आता त्याच घरांतून पोरीही निघाल्या आहेत. पोगरवाडीच्या कर्नल संतोष महाडिकांना २०१५ मध्ये वीरमरण आलं आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ साली लेफ्टनंट झाल्या, तेव्हा आमच्या कॉलनीतल्या मुलींनी वर्तमानपत्रातला तो फोटो कापून भिंतीला लावला होता. सैनिक शाळांचे दरवाजे मुलींना उघडले, लष्करी पोलीस दलात जवान म्हणून मुली घेतल्या गेल्या, २०२२ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, मुली आल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यांच्यातल्या १७ जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. नौदलात आणि हवाईदलात अग्निवीर म्हणून गेलेल्या मुली वेगळ्या. सकाळी साडेपाचला शाहू स्टेडियमकडे किंवा कुठल्याही गावच्या डांबरी रस्त्यावर उभं राहा, पळणाऱ्या मुलींचे घोळके दिसतील. त्यांना पाठवताना गाव गुलाल उधळतं. तिकडे काही अघटित घडलं तर त्यांनी गावात येऊन कुणाचं दार वाजवायचं, याचं उत्तर मात्र जिल्ह्यात एकाही कार्यालयाच्या फलकावर लिहिलेलं नाही.

एका मुलीची हकिगत सांगते. जिल्हा, वर्ष, सेनादल आणि तिचा हुद्दा मुद्दाम सांगत नाही. मुलगी नोकरीत होती, सुट्टीवर घरी आली होती. वरिष्ठाने तिच्यावर जबरदस्ती केली होती. आल्यापासून ती जेवत नव्हती, आईला वाटलं प्रवासाचा शीण असेल. तिसऱ्या दिवशी तिने आईला सांगितलं. आई तिला घेऊन एका सरकारी रुग्णालयात गेली. तिथे विचारलं, पोलिसांचं पत्र आहे का? मग त्या एका पोलीस ठाण्यात गेल्या. ठाणे अंमलदार वाईट बोलला नाही, त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की घटना इथली नाही, आरोपी मिलिटरीचा, ही केस मिलिटरीची, तुमच्या युनिटला कळवा. आईला एवढंच सुचलं की सैनिकांचं एक कार्यालय असतं. तिथला कर्मचारी गप्प झाला. पेन्शन, शिष्यवृत्ती, विधवा अनुदान अशा कामांत मुरलेला तो माणूस. बराच वेळाने म्हणाला, ताई, हे आमच्याकडे येत नाही. मग कुणीतरी वकील सुचवला. वकिलाने आर्मी अ‍ॅक्ट, म्हणजे सैन्याचा कायदा, हाताळलेला नव्हता. तो म्हणाला, आधी तिकडची कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे सैन्याची आपली चौकशी, होऊ द्या.

प्रत्येक ठिकाणी तिला पहिल्यापासून सांगावं लागलं. कुठे दार उघडं ठेवूनच, कुठे बाकावर बसलेल्या चौघांसमोर. तिला कुणी हाकललं नाही. प्रत्येकाने पुढचं दार दाखवलं आणि आपलं काम झालं असं समजलं. माझ्याकडे ती आली तेव्हा सुट्टीचे थोडेच दिवस उरले होते. मी काय काय करता येईल ते सांगायला लागले, तर म्हणाली, मावशी, आता परत पहिल्यापासून सांगायला लावू नका. ती नोकरीवर परत गेली. त्याच ठिकाणी.

आता यातली प्रत्येक गोष्ट कायद्याने कशी व्हायला हवी होती, ते पाहा.

रुग्णालयाने पोलिसांचं पत्र मागायलाच नको होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं की बलात्कारपीडितेवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे. पोलिसांना कळवायचं हेही त्याच कलमात आहे, पण ते काम रुग्णालयाचं. पत्र आणण्यासाठी पीडितेला पाठवायचं नाही. उपचार नाकारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे. पोलिसांनी हद्दीचं कारण सांगायलाच नको होतं. गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार घेऊन शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायचा आणि मग संबंधित ठाण्याकडे पाठवायचा, हे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आलं आहे. राजस्थानात किंवा आसामात नोकरी करणारी मुलगी वडूजच्या ठाण्यातही तक्रार देऊ शकते. ती तक्रार महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची. बलात्काराची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली शिक्षा आहे.

'केस मिलिटरीची' हे वाक्य तर मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की त्यावर थोडं सविस्तर लिहिते. आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं कलम ७० अगदी स्पष्ट आहे. पीडित व्यक्ती सैन्य कायद्याखाली येत नसेल, म्हणजे सैनिकाची बायको, बहीण, शेजारीण, घरकाम करणारी बाई असेल, तर बलात्काराचा खटला कोर्ट मार्शलपुढे, म्हणजे सैन्याच्या न्यायालयापुढे, चालतच नाही. प्रत्यक्ष सक्रिय सेवेत असताना, भारताबाहेर किंवा अधिसूचित सीमाचौकीवर घडलेला गुन्हा एवढेच अपवाद. बाकी सगळं नेहमीच्या पोलीस ठाण्यात आणि नेहमीच्या कोर्टात. पीडित स्वतः नोकरीत असेल तर कोर्ट मार्शल होऊ शकतं. तिथेही नेहमीचं फौजदारी कोर्ट बाद होत नाही. दोन्हींपैकी कुठे चालवायचं हे आरोपी सैन्याच्या ज्या फॉर्मेशनमध्ये (डिव्हिजन, ब्रिगेड वगैरे) आहे तिथल्या सक्षम सेनाधिकाऱ्याने ठरवायचं, अशी तरतूद कलम १२५ मध्ये आहे. त्या निवडीवर फौजदारी कोर्टाला हरकत असेल तर अखेर केंद्र सरकार ठरवतं. पण हा सगळा प्रश्न खटला कुठे चालवायचा याचा आहे. तक्रार घ्यायची की नाही आणि मुलीला तपासायचं की नाही, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पहिल्या रात्री ठाणे अंमलदाराच्या टेबलावर कलम १२५ चा विचार करायचं कारणच नाही.

हे ठाणे अंमलदाराला पाठ असावं अशी माझी अपेक्षा नाही. आयुष्यात एखाद्या वेळीच अशी केस त्याच्यासमोर येणार. म्हणूनच हे जाणणारं एक माणूस फोनवर हवं, जे त्याला पाच मिनिटांत सांगेल की साहेब, नोंद घ्या, पुढचं मी बघते.

आता वेळेचं बोलते, कारण परिचारिका म्हणून मला सगळ्यात जास्त जीव तोडून हेच सांगायचं आहे. अशा प्रसंगी मुलीसमोर एकाच वेळी कितीतरी घड्याळं चालू असतात आणि तिला त्यातलं एकही दिसत नसतं. एचआयव्हीचा धोका टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. गर्भधारणा टाळण्याच्या गोळीचंही तसंच. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शरीरावरचे नमुने पहिल्या ९६ तासांत घ्यायचे. कपडे धुवायचे नाहीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचे नाहीत, सुकवून कागदात गुंडाळायचे. हे फोनवर सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि नाही सांगितलं तर आई बिचारी पहिलं काम म्हणून पोरीला न्हाऊ घालते आणि कपडे भिजत टाकते. चार दिवस उलटले म्हणून दारातून परत पाठवायचं, हेही चूक. जखमांची नोंद, उपचार, समुपदेशन नंतरही लागतंच. पीडितेच्या योनिमार्गाची दोन बोटांची तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावलं की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. तरीही तपासणीच्या खोलीत मुलीच्या बाजूने उभं राहणारं कुणी असलं तर तिला धीर येतो, एवढं मी अनुभवाने सांगते.

दुसरं घड्याळ २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचं. नोकरीच्या ठिकाणच्या अंतर्गत समितीकडे तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. आणि चौकशी चालू असताना मुलीने लेखी मागितलं तर तिची किंवा आरोपीची बदली करता येते, तिला हक्काच्या रजेखेरीज तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. मी सांगितलेल्या त्या मुलीला ही एक ओळ वेळेत कुणी सांगितली असती तर ती त्याच ठिकाणी परत गेली नसती. तक्रार तिला स्वतः देणं जमत नसेल, तर तिच्या लेखी संमतीने घटनेची माहिती असलेली दुसरी व्यक्ती देऊ शकते, हेही नियमांत आहे. आणि ती पोलिसांत जायचं म्हणाली तर तिला मदत करणं हे त्या कायद्याप्रमाणे नोकरी देणाऱ्याचं कर्तव्य आहे.

तिसरं घड्याळ सुट्टीचं. ते कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही आणि तेच सगळ्यात निर्दय आहे. घरी आल्यावर पहिले आठ-दहा दिवस मुलगी गप्प असते. मग सांगते. मग घरचे आपसात बोलतात, मामाला बोलावतात, कुणीतरी म्हणतं लग्न व्हायचंय अजून. तोपर्यंत परतीचं तिकीट आलेलं असतं. ज्या आठवड्यात तिला मदत मिळायची, तो आठवडा ती या टेबलावरून त्या टेबलावर घालवते.

अग्निवीर मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. चार वर्षांची नोकरी, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करायचं. कायम कोणाला करायचं ते चार वर्षांतल्या कामगिरीवरून ठरतं. शेरा लिहिणारा आणि त्रास देणारा एकाच वर्तुळातला असेल तर एकवीस वर्षांची पोर तोंड उघडेल का? तिने कर्ज काढून अकॅडमीची फी भरलेली असते, धाकट्या भावाचं शिक्षण तिच्या पगारावर चाललेलं असतं. अशा मुलीला आपल्या युनिटच्या बाहेर, तरीही सैन्याची रीत समजणारं कुणीतरी हवं असतं. आई-बाप हे काम करू शकत नाहीत. त्यांना हुद्दे कळत नाहीत आणि भीतीही वाटते.

समन्वयक नेमण्याची कल्पना माझी नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ पासून यासाठी स्वतंत्र कार्यालय चालवलं आहे आणि तिथल्या तळांवर असा समन्वयक असतो. पीडित सैनिक त्याच्याकडे दोन प्रकारे जाऊ शकतो. एकात चौकशी सुरू होते. दुसऱ्यात चौकशी होत नाही, वरिष्ठाला नाव कळत नाही, पण वैद्यकीय मदत, समुपदेशन आणि सोबतीला माणूस मिळतो. पुढे मनाची तयारी झाली तर तो चौकशीचा मार्ग धरू शकतो. हे दुसरं दार आपल्याकडे जसंच्या तसं आणता येणार नाही. रुग्णालयाने पोलिसांना कळवण्याची आपली तरतूद आहे, आणि मूल १८ वर्षांखालचं असेल तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे. पण सज्ञान मुलीने समुपदेशकाजवळ बोलण्याआधी तक्रार दिलीच पाहिजे, अशी अट आपल्याकडेही कुठे नाही. सखी केंद्रात ती नुसती बोलायला येऊ शकते. एवढं तरी तिला माहीत व्हायला हवं.

आणि तिथेही समन्वयक नेमून काम भागलं नाही, हेही लिहायला हवं. टेक्सासच्या फोर्ट हूडमध्ये २०२० साली व्हनेसा गियेन या तरुण महिला सैनिकाची तळावरच हत्या झाली. छळ होत असल्याचं तिने घरच्यांना सांगितलं होतं, पण यंत्रणेवर तिचा भरवसा नव्हता. त्यानंतरच्या स्वतंत्र समितीने तिथली लैंगिक अत्याचार प्रतिबंधाची व्यवस्था कागदावरच राहिल्याचं दाखवलं. शेवटी असे खटले भरायचे की नाही, हा निर्णय कमांडरांकडून काढून स्वतंत्र लष्करी वकिलांकडे देण्यात आला, २०२३ च्या डिसेंबरपासून. कॅनडात निवृत्त न्यायमूर्ती लुईझ आर्बर यांनी २०२२ च्या अहवालात लैंगिक गुन्ह्यांचे खटले पूर्णपणे नागरी कोर्टांकडे सोपवायला सांगितलं. आपल्याकडे न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्येच म्हटलं होतं की सशस्त्र दलातल्या व्यक्तीने स्त्रीवर केलेला लैंगिक अत्याचार साध्या फौजदारी कायद्याखाली यावा. कायदा बदलणं आपल्या हातात नाही, महोदय, ते दिल्लीचं काम. या सगळ्यातून मी एकच गोष्ट घेते. मदत करणारा माणूस चेन ऑफ कमांडच्या, म्हणजे सैन्यातल्या वरिष्ठांच्या साखळीच्या, बाहेर असला पाहिजे. जिल्हा प्रशासन नेमकं तसं आहे. सैनिकाच्या घराशी त्याचं नातं आहे, आणि त्याचा गोपनीय अहवाल कुठला कर्नल लिहीत नाही.

म्हणून हा समन्वयक सखी केंद्रात बसावा असं मला वाटतं. सैनिक कल्याण कार्यालयात नको. तिथे दिवसभर माजी सैनिकांची ये-जा असते, सगळे एकमेकांना ओळखतात. मुलगी तिथल्या बाकावर बसली की संध्याकाळपर्यंत गावात कळेल. सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांनी मात्र या व्यक्तीचा नंबर जवळ ठेवावा. ते गावोगाव फिरतात, वीरपत्नींच्या घरी जातात, घरातलं त्यांना बाहेरच्यापेक्षा आधी समजतं. शक्यतो या पदावर सैन्याच्या वातावरणात राहिलेली स्त्री असावी. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झालेल्या बायका आपल्या भागात आहेत, त्यांच्यापैकी कुणी मिळाली तर फारच चांगलं.

समन्वयकाने रोज काय करायचं? पीडितेचं म्हणणं एकदाच, बंद खोलीत, नीट लिहून घ्यायचं. ते पुढे कुणाला द्यायचं ते पीडितेला विचारून ठरवायचं. सिव्हिलच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला तिने आधी फोन करायचा, मग मुलीला घेऊन जायचं, म्हणजे केसपेपरच्या रांगेत नाव पुकारलं जाणार नाही. ठाण्यात बरोबर बसायचं. सुट्टी वाढवून मिळण्यासाठी युनिटला पत्र लागलं तर कुठलं कारण लिहायचं आणि किती लिहायचं, हे ठरवायला मदत करायची. नवऱ्याला किंवा भावाला सैन्यातून घरी यायचं असेल तर त्याच्या युनिटशी बोलायचं. पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लावायचा आणि त्याचा पाठपुरावा करायचा. तपासाची प्रगती ९० दिवसांत पीडितेला कळवायची असते, ती कळली का ते विचारायचं. मुलगी नोकरीवर परत गेल्यावर दर आठवड्याला तिला फोन करायचा. हे शेवटचं काम सगळ्यात छोटं वाटेल. माझ्या मते ते सगळ्यात मोठं आहे. त्या एका फोनच्या आधाराने मुलगी तिथे टिकते.

यासाठी समन्वयकाच्या हातात दोन कागद लागतील. एक आपल्या सहीचा आदेश, की या व्यक्तीचा फोन आल्यावर प्रत्येक ठाणे, प्रत्येक ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा कार्यालयाने सहकार्य करायचं. दुसरा पुण्याच्या दक्षिण मुख्यालयाशी आणि बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्राशी पत्रव्यवहार करून मिळवलेला, की सैन्याच्या बाजूने कोणत्या अधिकाऱ्याशी बोलायचं. नौदल आणि हवाईदलाकडूनही तसंच. आज एखाद्या आईला युनिटच्या अंतर्गत समितीचा पत्ता हवा असेल तर ती युनिटच्या एक्स्चेंजला फोन करते आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, काम काय आहे?

वकिलाची सोय जवळजवळ झालेलीच आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ च्या कारगिल विजय दिनी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. तिच्याखाली राज्य आणि जिल्हा सैनिक मंडळांत कायदेशीर मदतीची केंद्रं उघडायची आहेत. जमिनीचे वाद, पेन्शन, घटस्फोट यांसाठी ती उपयोगी पडतीलच. त्यात एक महिला वकील अशी असू द्या, जिला आर्मी अ‍ॅक्ट, लैंगिक छळाचा कायदा आणि नव्या संहिता, तिन्ही येतात. प्राधिकरणाच्या सचिवांना माझी हीच विनंती आहे.

मुलग्यांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. रंगरूट म्हणून गेलेल्या कोवळ्या पोरावरही अत्याचार होतो, ते मी टेबलावर पाहिलं आहे. तो बापाला सांगू शकत नाही, आईला तर नाहीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंड संहितेचं कलम ३७७ गेलं. सज्ञान पुरुषावर झालेल्या बलात्कारासाठी आज देशाच्या साध्या कायद्यात वेगळं कलमच नाही. मारहाणीची, डांबून ठेवल्याची कलमं लावता येतात. सैन्याच्या कायद्यात मात्र कलम ४६ आहे, अनैसर्गिक किंवा अश्लील स्वरूपाच्या लाजिरवाण्या वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे इथे उलटं आहे. मुलीला आपण पोलिसात चल म्हणतो, आणि या मुलाला न्याय मिळायचा तर तो मुख्यतः सैन्याच्याच दारात मिळेल. सखी केंद्र स्त्रियांसाठी आहे, त्याला तिथे जागा नाही. पण ७२ तासांची औषधं त्यालाही तेवढीच लागतात. समन्वयकाने त्याचा फोन घ्यावा, भेट सिव्हिलमध्ये घ्यावी. नेमणुकीच्या आदेशात 'महिला' या शब्दाऐवजी 'पीडित व्यक्ती' असं लिहा.

भरती अकॅडम्यांचं थोडक्यात. वसतिगृह, मैदान, शिक्षक आणि मालक सगळं एकाच माणसाच्या हातात, अशा कितीतरी अकॅडम्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आहेत. चांगल्याही आहेत. २०१३ चा कायदा प्रशिक्षण देणाऱ्या खासगी संस्थांना आणि क्रीडासंस्थांना लागू आहे, तिथे शिकणाऱ्या मुलींनाही संरक्षण देतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती आपल्या स्थानिक समितीकडे येते. या समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि फोन प्रत्येक अकॅडमीच्या मुलींच्या खोलीबाहेर लावायला सांगणारं एक परिपत्रक आपण उद्या काढू शकता.

याने सैन्याची बदनामी होईल, असं काही जण म्हणतील. माझ्या घरातही हे बोलणं झालं. माझे पती वीस वर्षांहून जास्त वर्दीत होते आणि युनिटच्या इज्जतीबद्दल ते आजही एक शब्द ऐकून घेत नाहीत. त्यांनी हे पत्र वाचलं आणि म्हणाले, ज्या साहेबांच्या हाताखाली मी काम केलं, त्यांना असा माणूस आपल्या कंपनीत एक दिवस चालला नसता. वर्दीवर त्यांचा जितका जीव आहे तितकाच त्या पोरींचाही आहे. म्हणून तर त्या पहाटे पळतात. तक्रार करणारी मुलगी सैन्य सोडायला निघालेली नसते, तिला तिथे राहायचं असतं.

असे प्रकार जिल्ह्यात किती, असंही विचारलं जाईल. आकडा मिळवायचा तर आधी नोंद घेणारी जागा हवी. समन्वयक बसू द्या, वर्षभराने नावं वगळून तो आकडा सैनिक मंडळाच्या बैठकीत ठेवा.

मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि त्या दिवशी पोलीस अधीक्षक, शल्यचिकित्सक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि महिला व बालविकास अधिकारी यांना एकत्र बोलवावं, ही विनंती. रुग्णालयातल्या सिस्टरांना आणि ठाण्यातल्या महिला अंमलदारांना पहिल्या तासात काय करायचं ते शिकवायला मी येईन. त्याचं मानधन नको. समन्वयक नेमेपर्यंत मधल्या काळासाठी निदान एक मोबाइल नंबर सुरू करा आणि तो सैनिकांच्या कॅन्टीनच्या काउंटरवर, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आणि सातारा, कराड, फलटणच्या एसटी स्थानकांवरच्या महिला प्रतीक्षालयांत लावा. सुट्टीवर आलेली मुलगी एसटी स्थानकावर उतरतेच.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका, माजी सैनिकाची पत्नी
सातारा